बरोबर एक मूल : काही प्रवासपटांचा अभ्यास

काही वर्षांपूर्वी पदवीच्या शेवटच्या वर्गाला मी 'सेंट्रल स्टेशन' हा ब्राझीलचा चित्रपट दाखवला. दिवे लागल्यावर मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, त्या बाईला त्या मुलाची दया नेमकी केव्हा येते?" मी प्राध्यापकी थाटात दहा मिनिटे उत्तर दिले, दोन-तीन प्रसंग सांगितले, करुणरसाचाही उल्लेख केला. तास संपला. संध्याकाळी घरी परतताना माझ्या ध्यानात आले की, आपले उत्तर चुकले. चूक खरे तर प्रश्नातच होती आणि ती मी निमूटपणे पत्करली होती. त्या बाईला दया येतच नाही. तिला लाज वाटते, आणि पुढचे सारे त्या लाजेतून घडते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या विद्यार्थ्याला उशिरा दिलेले दुरुस्त उत्तर आहे. तो आता महाविद्यालयातून बाहेर पडला आहे. तरी हा अंक कोठून तरी त्याच्या हाती पडेल अशी आशा बाळगून लिहितो.

ज्या चित्रपटाची सारी कथा एका प्रवासात घडते आणि ज्यात मुक्कामापेक्षा वाटेला अधिक महत्त्व येते, त्याला आपण प्रवासपट म्हणू. त्याचा एक पोटप्रकार असा की, प्रवासी दोनच असतात : एक मूल आणि एक मोठे माणूस. हे मोठे माणूस कोठेतरी मोडलेले असते. कोणी निवृत्त आणि कडवट झालेली शिक्षिका, कोणी भामटा, कोणी लेखणी आटलेला पत्रकार, कोणी जुगारी. मूल त्याच्या गळ्यात पडते, दोघे निघतात, आणि वाटेत काहीतरी बदलते. चॅप्लिनच्या १९२१ सालच्या 'द किड'मध्ये ही जोडी आहेच, पण ती एका खोलीत राहते. तिला रस्त्यावर आणले ते पुढच्या दिग्दर्शकांनी. आता, मूल आणि मोठे माणूस यांची कथा घरात घडू शकत असता तिला रस्त्यावर आणण्याचे कारण काय, हा या लेखापुढचा प्रश्न आहे.

'सेंट्रल स्टेशन' हा वॉल्टर सालेस यांचा चित्रपट १९९८ चा. त्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि दोराचे काम करणाऱ्या फेर्नांदा मोंतेनेग्रो सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या. मुलाचे काम करणारा विनिसियस द ऑलिव्हेरा हा विमानतळावर बूट पॉलिश करणारा मुलगा सालेस यांना तेथेच सापडला होता. चित्रपटाची भाषा पोर्तुगीज. त्यामुळे आमच्याकडे त्याला एक वेगळाच प्रेक्षक लाभतो. एकदा आमच्या फिल्म क्लबात पहिल्या रांगेत लिसेवमध्ये शिकलेले एक वृद्ध गृहस्थ येऊन बसले होते. खालची इंग्रजी अक्षरे उमटण्याआधीच ते हसत, आणि मधूनच 'हे काय उच्चार!' म्हणून ब्राझीलवाल्यांवर चिडत. चित्रपटाइतकाच मला तो कार्यक्रम लक्षात राहिला आहे.

दोरा रिओच्या रेल्वे स्थानकात टेबल मांडून बसते आणि निरक्षर लोकांची पत्रे लिहून देते. हा धंदा मुरगाववाल्यांना समजावून सांगायला नको. बंदरावर आणि बांधकामांवर कामाला आलेल्या माणसांना मनीऑर्डरचे फॉर्म भरून देणारे, चार ओळी लिहून देणारे कोणी ना कोणी पोस्टाच्या आसपास असायचे. फरक एवढाच की, दोरा पत्रे लिहिते, पैसे घेते, आणि ती टपालात टाकीत नाही. संध्याकाळी मैत्रिणीबरोबर ती वाचून हसते, काही फाडते, काही खणात कोंबते. एक दिवस आना नावाची बाई आपल्या नवऱ्याला पत्र लिहवून घेते. बरोबर नऊ वर्षांचा मुलगा आहे, झोझुए. त्याला बाप पाहायचा आहे. थोड्याच वेळात स्थानकाबाहेर बसखाली सापडून आना मरते आणि मुलगा स्थानकात एकटा उरतो.

येथे 'दया' शोधणाऱ्या प्रेक्षकाची फसगत होते. दोरा मुलाला घरी नेते खरी, पण दुसऱ्या दिवशी परदेशी दत्तक देणाऱ्या म्हणवणाऱ्या लोकांना त्याला विकते आणि आलेल्या पैशांतून नवा टेलिव्हिजन घेते. मैत्रीण तोंडावर सांगते की एवढ्या मोठ्या मुलाला कोणी दत्तक घेत नाही, त्याचे काहीतरी भयंकर करतील. रात्रभर दोराला झोप येत नाही. सकाळी ती जाऊन त्याला पळवून आणते. मग दोघे ईशान्येकडे जाणाऱ्या बसमध्ये बसतात. झोझुए तिला माफ करीत नाही. तू खोटारडी आहेस, तू पत्र टाकलेच नाहीस, हे तो ओळखून असतो. वाटेत एकदा त्याच्या पिशवीत पैसे ठेवून ती त्याला बसमध्येच सोडून उतरते. पाहते तो काय, तोही उतरलेला, आणि पिशवी मात्र पैशांसकट बसबरोबर पुढे गेलेली. या प्रसंगाला वर्गात नेहमी हशा पिकतो. पिकू द्यावा. पण हे ध्यानात घ्यावे की, त्या क्षणापासून दोघांकडे सारखेच काही नाही. विकणारी आणि विकला गेलेला आता एकाच पायरीवर येऊन बसले आहेत.

पुढे एक ट्रकचालक भेटतो. धार्मिक आणि सज्जन असा हा गृहस्थ दोघांना गाडीत घेतो. दोराला त्याच्याविषयी ओढ वाटू लागते, ती ओठ रंगवते, आणि बाहेर येऊन पाहते तो ट्रक निघून गेलेला असतो. एका प्रौढ बाईचा हा अपमान मुलाच्या डोळ्यांदेखत होतो. दिग्दर्शकाने तो मुलाच्या डोळ्यांदेखत घडवला, ही या प्रसंगातली खरी कामगिरी. एरवी घराचे दार लावून रडता आले असते. येथे दारच नाही.

पैसे संपल्यावर यात्रेकरूंच्या ट्रकचे भाडे ती मनगटावरचे घड्याळ देऊन भागवते. ज्या यात्रेच्या गावी दोघे पोचतात त्याचे नाव बॉम जेझुस. जुन्या गोव्याच्या बासिलिकाचेही तेच नाव, म्हणून आमचे प्रेक्षक तेथे सावरून बसतात. संतापून ती मुलाला नको ते बोलते, तो गर्दीत पळतो, मेणबत्त्यांच्या प्रकाशात ती त्याला शोधत भोवळ येऊन पडते. सकाळी तिचे डोके त्याच्या मांडीवर असते. मग तोच युक्ती काढतो : पत्रे लिही. यात्रेकरू संतांना आणि घरच्यांना पत्रे लिहवून घेतात, दोघांना पैसे मिळतात, आणि ही पत्रे दोरा टपालात टाकते. तिच्या मनात काय झाले हे कोणी बोलून दाखवीत नाही. पेटीत पडलेली पत्रे तेवढी दिसतात.

शेवटी मुलाचे सावत्र भाऊ सापडतात. बाप नाही. बापाने आनाला लिहिलेले एक न उघडलेले पत्र घरात आहे आणि भावांना वाचता येत नाही. दोरा ते मोठ्याने वाचते. मोठ्या दोघांची नावे त्यात आहेत. झोझुएचे नाव ती आपल्या पदरचे घालते. जिने शेकडो लोकांची खरी पत्रे दडवली, ती शेवटी एका पत्रात खोटा शब्द भरते. हे खोटे आणि पहिले खोटे यांतले अंतर म्हणजेच हा सारा चित्रपट, असे मला वाटते. पहाटे ती कोणाला न सांगता परतीची बस धरते.

आता मघाच्या प्रश्नाकडे वळू. असे चित्रपट जवळजवळ ठेवून पाहिले की, त्यांच्या गाभ्याशी एक खोटे आढळते. मोठे माणूस मुलापासून काहीतरी लपवीत असते, किंवा मुलादेखत जगाशी खोटे वागत असते. घरात खोट्याला जागा पुष्कळ. माजघर असते, शेजारी असतात, 'कामाला जातो' म्हणून बाहेर पडता येते, 'मुलांनी मोठ्यांच्यात बोलू नये' हा कायदा असतो. रस्त्यावर यांतले काहीच चालत नाही. एकाच बाकावर बसायचे, एकाच ताटलीत खायचे, एकाच खिशातून तिकिटे काढायची. खिशात किती उरले हे मुलाला नकळत कळते. या साऱ्या चित्रपटांत पैसे फार वेळा मोजले जातात. विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्ष ठेवून पाहावे.

पीटर बॉग्दानोविच यांच्या १९७३ च्या 'पेपर मून'मध्ये तर हिशेब हीच नात्याची भाषा आहे. काळ १९३० नंतरच्या महामंदीचा, प्रदेश कॅन्ससचा. मोझेस हा भामटा नुकत्याच विधवा झालेल्या बायकांना त्यांच्या नवऱ्यांनी मागवले होते असे सांगून बायबल विकतो. ॲडी या पोरक्या मुलीच्या नावावर तो दोनशे डॉलर मिळवतो आणि तिला आगगाडीत बसवून द्यायला निघतो. खाणावळीत बसून ती मोठ्या आवाजात माझे दोनशे डॉलर दे म्हणते, सारी खाणावळ वळून पाहते, आणि त्याला तिला बरोबर न्यावे लागते. येथे मूल मोठ्या माणसाला सुधारीत बिधारीत नाही. उलट ॲडी त्याच्याहून चलाख ठग निघते. रायन ओनील आणि त्यांची मुलगी टेटम यांनी ही कामे केली आणि दहा वर्षांच्या टेटमला ऑस्कर मिळाले. भामटा साऱ्या जगाला फसवू शकतो, पण एका व्यक्तीचा त्याच्यावर हिशेब आहे आणि ती त्याच्या शेजारीच बसली आहे. ही कल्पना मला फार आवडते.

विम वेंडर्स यांच्या १९७४ च्या 'ॲलिस इन द सिटीज'मधला फिलिप खोटारडा नाही. अमेरिकेवर लेख लिहायचा तो त्याला लिहिता येत नाही. तो झटपट छायाचित्रे काढीत हिंडतो, आणि आपण पाहिले ते चित्रात कधीच उतरत नाही अशी त्याची तक्रार असते. ॲलिसची आई तिला त्याच्याकडे सोपवून नाहीशी होते. जर्मनीत आजीच्या घराचा एक फोटो हातात घेऊन दोघे गावोगाव हिंडतात. ते घर सापडतेही, पण आजी तेथे आता राहत नाही. कंटाळून फिलिप मुलीला पोलिसांच्या हवाली करतो आणि ती पळून त्याच्याचकडे येते. म्हणजे सोडून देण्याचा प्रयत्न येथेही आहेच. दोराने बसमध्ये केला, मोझेसने आगगाडीत करून पाहिला, फिलिपने ठाण्यात. या जातीच्या परदेशी चित्रपटांत हा प्रसंग बहुधा चुकत नाही.

माझ्या या सिद्धान्ताला छेद देणारा चित्रपटही सांगितला पाहिजे. ताकेशी कितानो यांचा १९९९ चा 'किकुजिरो'. मासाओ हा लहानगा आईला शोधायला निघतो. त्याच्याबरोबर धाडलेला आडदांड माणूस मुलाचे पैसे सायकलींच्या शर्यतीवर उधळतो. आई सापडते ती दुसऱ्या संसारात रमलेली. तेव्हा हाच माणूस मुलाला समजावतो की ती तुझी आई नव्हेच, आणि एक लहानशी घंटा कोठूनशी मिळवून तुझ्या आईने ठेवली होती म्हणून हातात देतो. हे शुद्ध खोटे. पण मुलगा ते खरे मानतो का? कितानो यांनी ते उघडे ठेवले आहे. माझ्या मते मुलाने आईला पाहिले आहे, त्याला सारे समजले आहे, आणि तो घंटा घेतो ती मोठ्या माणसाची लाज राखण्यासाठी. हे मत सर्वांना पटेल असे नाही. वर्गात यावर अर्धा तास भांडण झाले होते.

आता आपल्याकडे येऊ. मराठीत काटेकोर अर्थाने या जातीचे चित्रपट थोडे. त्याचे एक कारण उघड आहे. आपल्या कथेत मुलाबरोबरचे मोठे माणूस परके नसते. आजोबा असतात, बाप असतो, मामा असतो. परक्याने मुलाला वाटेत सोडण्याचा प्रयत्न करावा, हा प्रसंग आजोबांच्या बाबतीत संभवतच नाही. मग मराठी दिग्दर्शकाने नाट्य आणायचे कोठून? तो ते सांगण्या-न सांगण्यातून आणतो.

किरण यज्ञोपवीत यांचा २०११ चा 'तार्‍यांचे बेट' पाहा. कोकणातला एक साधा कारकून कुटुंबाला मुंबई दाखवायला नेतो. मुलाला पंचतारांकित हॉटेल दिसते, तो हट्ट धरतो, आणि बाप सुटका करून घेण्यासाठी म्हणतो की पहिला नंबर काढ, मग नेईन. असे आपण सगळेच म्हणतो. त्या वाक्याला तो खोटे समजतही नाही. मुलगा खरोखरच पहिला येतो! आता बापाची धावाधाव. सचिन खेडेकर यांनी हा बाप असा उभा केला आहे की, त्याच्या हिशेबाच्या कागदाकडे पाहताना आपल्याच खिशाकडे हात जातो. उत्तरार्ध मला थोडा बोधपर वाटला, पण मूळ कल्पना अस्सल आहे. येथे मूल हा सावकार आहे आणि शब्द हे कर्ज.

संदीप सावंत यांचा 'श्वास' २००४ साली पडद्यावर आला. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक १९५४ मध्ये 'श्यामची आई'ला मिळाले होते. त्यानंतर सुवर्णकमळ मिळवणारा हा पहिलाच मराठी चित्रपट, आणि भारतातर्फे ऑस्करसाठीही तो गेला. कोकणातल्या खेड्यातले आजोबा नातवाला, परशुरामला, डोळे दाखवायला पुण्याच्या रुग्णालयात आणतात. डोळ्यांचा कर्करोग निघतो. जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि त्यानंतर मुलाला दिसणार नाही. हे मुलाला सांगायचे कसे आणि सांगायचे कोणी? चित्रपटाचा बराच भाग रुग्णालयात घडतो; त्याला प्रवासपट म्हणणे ओढाताणीचे आहे, हे मी मान्य करतो. तरीही मी तो येथे घेतो, कारण आम्हा पेडणे-डिचोलीकडच्या आणि सिंधुदुर्गातल्या लोकांना हा प्रवास पाठ आहे. गाठोडे, चादर, पाण्याची बाटली, फायलीत जपून ठेवलेले कागद, आणि बांबोळीच्या इस्पितळाच्या दारात आपण कोणत्या खिडकीशी उभे राहायचे हे न कळणारा म्हातारा. अरुण नलावडे यांचे आजोबा मला तेथे रोज भेटतात.

शस्त्रक्रिया लांबते आणि आजोबा मुलाला घेऊन रुग्णालयातून नाहीसे होतात. एकच हलकल्लोळ उडतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, म्हातारा घाबरून पळाला. प्रत्यक्षात त्याने नातवाला शहर दाखवायला नेलेले असते, दृष्टी आहे तोवर. परदेशी चित्रपटांत मोठे माणूस मुलाला सोडून पळते. येथे मुलाला घेऊन पळते. या एका दिवसाच्या भटकंतीत 'श्वास' खराखुरा प्रवासपट होतो. डॉक्टर रागावतात, आणि त्यांचा राग रास्त आहे. आजोबांपाशी कारण आहे, तेही रास्त आहे. सावंतांनी दोघांपैकी कोणाला खोटे ठरवले नाही. शेवटी काळा चष्मा लावलेला परशा होडीतून गावी परततो.

पण मला नेहमी छळणारा प्रश्न वेगळा आहे. अश्विन चितळे या बालनटाचा चेहरा नीट पाहिला तर वाटते, मुलाला पुष्कळ आधीच उमगले असावे. मोठी माणसे आपसांत कुजबुजतात, एकमेकांकडे पाहून गप्प होतात, अचानक फार लाड करतात. मुलाला आणखी काय सांगावे लागते? डी सिका यांच्या १९४८ च्या 'बायसिकल थीव्हज'मध्ये बाप शेवटी स्वतः सायकल चोरतो आणि पकडला जातो, तेव्हा ब्रूनो ते पाहतो. सायकलीचा मालक मुलाकडे पाहून बापाला सोडून देतो, आणि ब्रूनो रडत रडत बापाचा हात धरतो. दिवसभर बाप पुढे आणि मुलगा त्याला गाठायला धावतो आहे. शेवटी मात्र दोघे बरोबर चालतात. ही रचना पाहायची असेल तर चित्रपटाचा आवाज बंद करावा आणि कोण कोठे चालतो एवढेच पाहावे.

या लेखाचा पहिला खर्डा ऐकून आमच्या कन्नड विभागातील सहकाऱ्यांनी 'घटश्राद्ध'ची आठवण करून दिली. गिरीश कासारवल्ली यांचा १९७७ चा, अनंतमूर्तींच्या कथेवरचा हा चित्रपट प्रवासाचा नव्हे. पण वेदपाठशाळेतला लहानगा नाणी हा बालविधवा यमुनेचे गुपित पोटात घेऊन वावरतो, आणि शेवटी त्याला तेथून नेले जाते तेव्हा केशवपन केलेली यमुना झाडाखाली एकटी बसलेली त्याला दिसते. बहिष्कार मोठ्यांनी घातला, साक्षीदार मूल. सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, मराठी चित्रपटात मुलापासून लपवतात, तर येथे मूलच लपवते. त्यांनी यावर कन्नड विभागात स्वतंत्र लिहावे अशी विनंती केली आहे.

मुलाने लपवण्याचा मुद्दा निघाला म्हणून, अभ्यासलेखात एरवी घालू नये अशी एक गोष्ट घालतो.

१९७४ सालचा जून. मी नऊ वर्षांचा होतो. पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावाहून धाकटे काका मला वास्कोला शिकायला नेत होते. काका मुरगाव बंदरावर एका ठिकाणी मुकादम होते. घरात तसेच सांगितले जाई. अंतर जेमतेम साठ किलोमीटरांचे, पण म्हापसा, पणजी, आगशी असे करीत दिवस मोडायचा. मांडवीवर पूल झाला होता. झुआरीवर नव्हता, तो १९८३ मध्ये झाला. आगशीला उतरून फेरीबोटीने कुठ्ठाळी गाठायची. पाऊस कोसळत होता. धक्क्यावर ट्रकांची रांग लागली होती आणि नदीतून खनिजाच्या बार्जी बंदराकडे चालल्या होत्या. काकांनी एका हॉटेलात माझ्यासाठी पातळभाजी आणि पाव मागवला. स्वतःसाठी काही घेतले नाही. भूक नाही म्हणाले.

फेरीवर एक माणूस काकांजवळ आला. ओळखीचा असावा. त्याने सहज विचारले, "कितें रे, काम मेळ्ळें खंय?"

काका काही बोलले नाहीत. माझ्याकडे पाहावे लागू नये म्हणून ते पाण्याकडे पाहत राहिले. तो माणूस ओशाळून दूर झाला. काम जाऊन तीन महिने झाले होते, आणि मुकादम तर ते कधीच नव्हते, पाठीवर ओझी वाहत होते. हे मला त्या वेळी सगळे कळले नाही. पण पातळभाजीची एकच बशी का मागवली होती, ते कळले. कुठ्ठाळीला उतरताना त्यांनी माझी ट्रंक डोक्यावर घेतली आणि एवढेच म्हणाले, "घरा सांगूं नाका."

मी सांगितले नाही. महिन्याभरात त्यांना एका बार्जीवर काम मिळाले. त्यांच्या खोलीत मी सात वर्षे राहून शिकलो. दर सुट्टीत गावी गेलो की आजी विचारी, मुकादमाचे काम कसे चालले आहे, आणि मी चांगले चालले आहे म्हणून सांगे. झोझुएने दोराला खोटारडी म्हटले. मी काकांना कधी म्हटले नाही; पण म्हणण्याचा अधिकार माझ्यापाशी आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि मला वाटते, म्हणूनच त्या सात वर्षांत माझ्या शाळेची फी एकदाही चुकली नाही. मघाशी वर्गातल्या उत्तराच्या संदर्भात मी दयेऐवजी लाज म्हटले, ते या अनुभवावरून. दयाळू माणूस एक वेळ दया करून मोकळा होतो. मुलापुढे ज्याला लाज वाटली, त्याला सहजासहजी मोकळे होता येत नाही.

'श्वास' लागला तेव्हा मी काकांना घेऊन गेलो होतो. ते सिनेमाला सहसा येत नसत. पूर्वार्धभर ते हलले नाहीत. मध्यंतरात बाहेर येऊन आम्ही चहा घेतला. पहिला घोट घेऊन ते म्हणाले, "आगशीची फेरी याद आसा तुका?" तीस वर्षांत हा विषय आमच्यात एकदाही निघाला नव्हता.

मी आहे म्हटले. त्यांनी मान हलवली, कप खाली ठेवला आणि माझ्या चहाचेही पैसे दिले. मग घंटा वाजली आणि आम्ही आत गेलो.